शेऱ्याचा रकाना

...‘जेवल्या. झोप बरी. त्या म्हणतात की’ – आणि तिथंच चौकटीची रेघ. कागदाच्या उजव्या कडेचा तो इवलासा रकाना, शेजारच्या रकान्यांशी अगदी खांद्याला खांदा लावून संपलेला. वृद्धाश्रमाच्या काउंटरवर कोपर टेकून तो आजचा अहवाल बघत होता, आणि आधी मनात आलं ते हेच, की रेघा काय सरळ आल्यात! मग स्वतःचीच लाज वाटली.

हा अहवाल त्यानंच आखून दिला होता, फुकटात. रोज संध्याकाळी नातेवाइकांच्या घरोघरी जाणारा. आई इथं राहते, तेवढं तरी करावं म्हणून... तेवढं तरी! पहिल्या दिवशी सगळं छान बसलं होतं; फक्त एका ओळीत शेरा फुगायचा. मजकूर वाढला की तो रकाना खाली ताणला जायचा आणि ‘जेवण’, ‘औषध’, ‘झोप’ हे शेजारी मात्र होते तिथंच ढिम्म. तळाच्या रेघेला पायऱ्या पडायच्या. उपाय त्याला ठाऊक नव्हता असं नाही – ओळीतला सर्वांत उंच रकाना जेवढा वाढेल तेवढं बाकीच्यांनीही वाढायचं, एवढं बांधून द्यायचं. पण मग पान वाढलं असतं, आणि व्यवस्थापकबाईंना सगळं एका पानात हवं होतं. त्यानं ताणणंच बंद केलं; रकान्यात न मावलेला मजकूर तिथंच कापला जाणार होता. एक टिचकी. आणि ती एक ओळ कुणाची होती, हे काय त्याला दिसलं नव्हतं?

दिसलं होतं. आईचं नाव वाचूनच त्यानं टिचकी मारली होती. पाहणार होतो नंतर, असं तो स्वतःला सांगत आला... पण रोज संध्याकाळी ते ‘म्हणतात की’ बघून हायसं वाटायचं, त्याचं काय? पुढचं वाचावं लागत नव्हतं. वाचलं नाही म्हणजे यावंही लागत नव्हतं.

“दादा, आलात! बरं झालं बाई.” आईचं सगळं करणाऱ्या मावशी हात पुसत समोर आल्या. “रोज वाचता ना हो?”

“हो... वाचतो की.”

“मी तेच सांगते आजींना. त्या सांगतात, मी टाइप करते – माझं शुद्धलेखन म्हणजे आनंदच! काल म्हणाल्या, पुरे आता, कामात असेल, उगाच त्याच्या डोक्याला ताप. मीच म्हटलं, लिहू द्या हो, वाचायला त्यांचं काय जातंय?”

मावशी मनापासून हसल्या. तोही हसला, आणि ते हसू तोंडावर तसंच चिकटून राहिलं. खरं सांगून टाकावं – मावशी, तुमचं एक अक्षर मला मिळालेलं नाही, मीच कापलंय... ओठांपर्यंत आलं, पण सांगितलं तर त्या विचारणार, का? आणि त्या ‘का’ला रेघा सरळ याव्यात म्हणून, एवढंच उत्तर असतं तर त्यानं ते केव्हाच दिलं असतं.

मावशींनी दार लोटलं. खिडकीपाशी बसलेली आई वळली. तिला आधी ओळख पटली नाही, मग पटली, आणि तिचा चेहरा असा उजळला की त्याला मान वर ठेवता येईना. ती बोलायला तोंड उघडत होती. हिनं काही विचारू नये, असं त्याला वाटलं – आणि आपल्याला अजूनही असंच वाटतंय, हे त्याला स्पष्ट कळलं.