अर्धीच चौकशी

कवळीवालीला बाई मिळेना. बाई म्हणजे बाळाला सांभाळायला बाई. आणि कवळीवाली म्हणजे काही तिच्या तोंडात कवळी होती म्हणून नव्हे हं, बत्तीसच्या बत्तीस दात जागच्या जागी होते तिचे. ती एका कारखान्यात कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. तिचं हे नाव नवऱ्याने पाडलं होतं आणि ते घरादारात असं काही चिकटलं की तिचं खरं नाव पोस्टमनलाच काय ते ठाऊक.

तर बाळ झालं, रजा झाली, रजेवर रजा झाली, आणि एक दिवस कारखान्याच्या मालकांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तुमचं टेबल अजून तसंच ठेवलंय. पण आता कामं अंगावर आलीयत. सोमवारी तुम्ही बसा, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बसवावं लागेल." खिडकीजवळचं टेबल होतं ते, उजेड सरळ हातावर पडणारं. नव्याने शिकायला गेली तेव्हा ती दाराजवळ बसायची, तिथून खिडकीपर्यंत पोचायला तिची निम्मी तरुणाई खर्ची पडली होती. त्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसलंय हा नुसता विचारही तिला सहन व्हायचा नाही.

घरात सासूबाई होत्या, नाही असं नाही. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हातात काठी. आणि बाळ, ज्याला सगळे ठोंब्या म्हणायचे, ते दहा महिन्यांचं गुबगुबीत प्रकरण आता रांगायला लागलं होतं. रांगायला कसलं, सुटायचं नुसतं! या खोलीतून त्या खोलीत, पलंगाखाली, कपाटामागे. सासूबाई काठी सावरून उठेपर्यंत ठोंब्या स्वयंपाकघरात पोचून बटाट्यांची टोपली उपडी करून बसलेला असे. "माझे पाय धड असते तर मी कशाला कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं?" असं म्हणून त्या डोळे पुसायच्या, आणि मग कवळीवालीला त्यांचीही समजूत काढावी लागायची. पाळणाघराचं म्हणाल, तर तिथे एवढी गर्दी की पोटात असतानाच नाव घालायला हवं होतं म्हणे.

म्हणून एजन्सीला सांगितलं. पहिली बाई आली ती आल्या आल्या सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, "मुलाला उचलणार नाही हं मी. कंबर धरते."

"मग सांभाळणार कसं?" सासूबाईंनी विचारलं.

"लक्ष ठेवीन की. बसून."

"लक्ष तर मीही बसून ठेवते!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी काठी अशी आपटली की बाईने चहाची वाटही न बघता काढता पाय घेतला.

दुसरी म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी घरच्यांचीच परीक्षा घेतली. फ्रिज उघडून बघितला, बाळाची दुपटी हुंगून बघितली, नवऱ्याला विचारलं की तुम्ही घरी आल्यावर हात धुता का. तो बिचारा लिफ्ट दुरुस्त करताना दिवसभर तेलात माखणारा माणूस, त्याने हात पाठीमागे लपवले. शेवटी बाईंनी सांगून टाकलं की या घराला शिस्त नाही, आणि निघून गेल्या. म्हणजे घरच्यांनी त्यांना नाकारण्याआधी त्यांनीच घरच्यांना नापास केलं!

तिसरी मात्र अगदी गुणाची. जे विचाराल त्याला "हो ताई." लवकर याल? हो ताई. भात भरवाल? हो ताई. कधी थांबावं लागलं तर? हो ताई. ठोंब्याने तिचे केस ओढले तरी हसत होती. कवळीवालीचा जीव भांड्यात पडला. तिने नवऱ्याला मिठी मारली, सासूबाईंनी आठवडाभरानंतर पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. ठरल्या दिवशी सगळे सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसले. बाई आलीच नाही. फोन बंद. एजन्सीला विचारलं तर ते म्हणाले, हो का, आमचाही उचलत नाहीये. कवळीवालीने कपाळाला हात लावला. असा राग आला होता तिला! सरळ नाही म्हणायला काय जीभ झडली होती का?

सोमवार तोंडावर आला आणि शुक्रवारी दुपारी चौथी आली. समोरच्या दुकानदाराने पाठवलेली. मागच्याच गल्लीत राहते म्हणाला. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, चपला काढता काढताच तिचं बोलणं सुरू झालं होतं. जिन्यातला दिवा गेलाय, तुमच्या शेजाऱ्यांचं कुत्रं भारी गोड आहे, आणि अगंबाई, हे कोण साहेब खुर्चीखाली बसलेत? साहेब म्हणजे ठोंब्या. तिने त्याला उचललंबिचललं नाही. खाली फरशीवर बसली आणि पुढचं सगळं त्यालाच सांगायला लागली. दुकानदाराने सुटे कसे दिले नाहीत, तिच्या छत्रीची काडी कशी मोडली. ठोंब्या खुर्चीखालून डोकं बाहेर काढून एखाद्या न्यायाधीशासारखा ऐकत होता. थोड्या वेळाने तो रांगत गेला आणि तिच्या मांडीवर चढून बसला.

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं, सुनेने सासूबाईंकडे. पण तिसरीने पोळलेलं होतं. कवळीवाली म्हणाली, "मावशी, आधीच्या घरचा फोन नंबर द्याल? जरा बोलून घेते."

मावशींचा पट्टा पहिल्यांदाच थांबला. "देते की," त्या म्हणाल्या. "पण त्या ताई माझ्यावर रागावल्यात. आधीच सांगून ठेवते."

शनिवारी कवळीवालीने फोन लावला. पलीकडच्या बाईने नाव ऐकलं मात्र, सरसावूनच बसली.

"घेताय तुम्ही तिला? मग ऐका. वेळेवर येणं तिला माहीत नाही. मी पर्स खांद्याला लावून दारात उभी, आणि हिचा पत्ता नाही. आणि बडबड! घरात पाऊल टाकल्यापासून जाईपर्यंत. माझ्या मुलाला अशी सवय लावून ठेवलीय की गोष्ट ऐकल्याशिवाय घास गिळत नाही. वस्तू कुठे ठेवेल नेम नाही, माझा चमचा मला चपलांच्या कपाटात सापडलाय! आणि उलट बोलते. माझ्याच घरात मला म्हणाली, ताई, आज त्याच्यावर ओरडू नका, तुम्हाला ऑफिसचा राग आलाय. बोला!"

कवळीवाली "हो का... हो का..." करत राहिली आणि फोन ठेवल्यावर तिने ऐकलेलं सगळं घरात जसंच्या तसं सांगितलं.

"नको मग," सासूबाई म्हणाल्या. "एवढं त्यांनी सांगितलंय ते काय उगीच?"

"अगं पण तो मांडीवर जाऊन बसला तिच्या," नवरा म्हणाला. "तो माझ्या मांडीवर बसत नाही!"

"तुझ्या अंगाला तेलाचा वास येतो म्हणून. आणि तो दहा महिन्यांचा आहे, त्याच्या भरवशावर नोकरी करू का मी?" कवळीवाली ओरडली आणि लगेच रडायलाच लागली. त्या दिवशी ती ठोंब्याला घेऊन खिडकीत उभी राहिली आणि मनात मालकांना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत राहिली. दरवेळी वाक्य "टेबल" या शब्दापाशी येऊन अडायचं.

रविवारी दुपारी तिने मन घट्ट केलं. आधी मावशींना नाही म्हणायचं, मग मालकांना. फोन हातात घेतला तोच वाजला. कालचीच बाई.

"सहज केला," ती म्हणाली. "ते... तिचं काय ठरवलंत मग? ठेवलीत?"

"नाही. नाही ठेवत आहे."

"बरं केलंत!" बाईचा आवाज एकदम फुलला. "फार बरं केलंत हो!"

आता आपली कवळीवाली भोळी असेल, पण खुळी नव्हती. सूतभर वर आलेला दात तिच्या बोटाला न बघता कळायचा, तसं हे तिला खुपलं. माझ्याकडे बाई नाही, माझी नोकरी चाललीय, आणि हिला आनंदाच्या उकळ्या कशाच्या फुटतायत?

ती काही बोलणार तेवढ्यात पलीकडून एका लहान मुलाचा आवाज आला. "आई, मावशीचा फोन आहे? मला दे ना! मावशी, तू कधी येणार?" मग ओढाताण, "अरे नाही रे, दुसऱ्या काकू आहेत," आणि मग त्या पोराचं रडणं. हट्टाचं नव्हे, मुसमुसून. असं रडणं आई झालेल्या बाईला ऐकवत नाही. दार लोटल्याचा आवाज आला आणि ते थांबलं.

"ताई," कवळीवालीने शांतपणे विचारलं, "तुम्ही काढलंत ना त्यांना?"

"मी? मी कशाला काढू?" बाई बोलून गेली. "तीच गेली! आम्ही घर बदललं, गावाच्या दुसऱ्या टोकाला आलो. दोन बस बदलून यायची ती. मग उशीर नाही होणार तर काय होणार? काही महिने आली, मग म्हणाली, ताई, आता नाही जमत."

"आणि उद्या परत येते म्हणाली तर?"

"उद्या कशाला, आज येऊ दे! आत्ता टॅक्सी पाठवते मी!"

काय बोलून बसलो ते त्या बाईला कळलं, आणि ते कवळीवालीलाही कळलंय हेही कळलं.

"खोटं नाही बोलले मी," ती बाई हळूच म्हणाली. "एक शब्द खोटा नाही. फक्त अर्धंच सांगितलं. वाटलं, तिला तिकडे जवळपास कुणी ठेवलंच नाही, तर येईल नाइलाजाने माझ्याकडे. लाज वाटते हो सांगायला. पण काय करू? हिच्यानंतर दोघी येऊन गेल्या. पोरगा कुणाकडे जात नाही. परवा मला म्हणाला, तू नको, मावशी हवी. एवढा राग आला मला तिचा! माझ्या पोराला माझ्यापासून तोडलं असं वाटलं."

"मग राहिलेलं अर्धं सांगा," कवळीवाली म्हणाली.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"ती होती तोवर मी ऑफिसातून कधी घरी फोन केला नाही. एकदासुद्धा नाही. मुद्दाम नाही हो, आठवणच व्हायची नाही. आता तासातासाला करते. कळतंय का तुम्हाला मी काय म्हणतेय ते?"

कळत नव्हतं कसलं! कवळीवालीला एवढं कळलं की तिचेही डोळे भरून आले. इतक्या जणींना तिने इतकं काय काय विचारलं होतं, भात काय, झोप काय, औषध काय. आणि तिला जे हवं होतं ते एवढंच होतं. मेणात दात बसवताना मनाने घरी जावं लागू नये. बस!

"मी ठेवतेय त्यांना," ती म्हणाली. "रागावू नका."

"रागावते कसली," ती बाई म्हणाली. "ठेवा. चमचे मात्र मोजून घेत जा." आणि रडता रडता हसली.

कवळीवालीने घरच्यांना सगळं सांगितलं आणि लगेच मावशींना फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला, म्हणजे तिकडेही कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला होता.

"बोलले मी त्यांच्याशी," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, तुम्ही फार बडबड करता, वस्तू कुठेही ठेवता आणि उलट बोलता."

"खरंय ते," मावशी पडेल आवाजात म्हणाल्या. "ताईंनी खोटं काही सांगितलं नाही. बरं, असू दे. तुम्हाला मिळो दुसरी कुणी चांगली."

"अहो मावशी, उद्या सकाळी या! मला कामावर जायचंय!"

अखंड बोलणाऱ्या मावशी, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मग एकदम म्हणाल्या, "येते. चालतच येते, इथल्या इथे तर आहे. लवकरच येते!" आणि मग हळूच, "तिकडचं पोर कसं आहे हो? काही म्हणाल्या त्या?"

"तुमची वाट बघतं. रडतं," कवळीवालीने सांगून टाकलं. लपवण्यात आता काही अर्थ नव्हता.

"होय का," मावशी म्हणाल्या. "ताई, महिन्यातून कधी एखाद्या संध्याकाळी मी त्याला भेटून आले तर चालेल तुम्हाला? तुम्ही आल्यावर जाईन. तुमच्या वेळेला धक्का नाही लावणार."

"दुपारीच जा ना. ठोंब्यालाही घेऊन जा," कवळीवाली म्हणाली. "दोघं खेळतील."

सासूबाईंच्या हातातली काठी खाली पडली. "अगं, काय बोलतेयस? दोन बस बदलून? कालपर्यंत तर तू त्या बाईला घरात घ्यायला तयार नव्हतीस!"

तेव्हा कुठे कवळीवालीला कळलं आपण काय बोलून बसलो ते. तिने नीट विचार करून बघितला, पण भीती काही वाटेना. कितीतरी दिवसांनी तिला हलकं हलकं, अगदी मोकळं वाटत होतं.

"हो आई," ती म्हणाली. "टोपी तेवढी घालून पाठवू."