फ्यूजच्या जागी तार

मित्रांनो, मला हात लावून बघा. घाबरू नका, आता मी गार आहे. मी सुदेशच्या गाडीतला जुना अ‍ॅम्प्लिफायर. गाण्याला ताकद देणारा डबा म्हणा हवं तर. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्रा. जरा तापलो की जीव खालीवर होतो.

वर्तकनगरच्या ज्युलियसकाकांनी मला मागच्या सीटखाली बसवलं. दोन वूफर, म्हणजे दणका देणारे मोठे स्पीकर, एकामागोमाग जोडले आणि सुदेशला बजावलं, "हे असंच ठेव हां. शेजारी-शेजारी जोडलेस तर ह्याला झेपायचं नाही. आणि पाठीवरच्या ह्या पट्ट्या उघड्या राहू देत. ह्याची गरमी तिथूनच बाहेर जाते." चार वर्षं मी सुखाने गायलो. आमच्या कोपरीतली माणसं म्हणायची, काय आवाज आहे! मी फुलून जायचो.

मग नवरात्रात सुदेशचा मित्र कमलेश आला. "अरे, असं कोण जोडतं? पॅरलल मार, काचा हलतील!" त्याने वायरी बदलून वूफर शेजारी-शेजारी जोडले. पहिल्याच गाण्याला माझा फ्यूज उडाला, आणि तो उडाला म्हणूनच मी वाचलो. पण कमलेश म्हणाला, "फ्यूजच फालतू आहे रे," आणि त्या जागी जाड तांब्याची तार अडकवली. ती काही उडणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सुदेशच्या आईने, रखमाबाईंनी, गाडीबरोबर माझीही पूजा केली. हळदकुंकू लावलं, मखमलीचं वस्त्र पांघरलं, वर झेंडूची माळ. केवढी माया! पण माझ्या सगळ्या पट्ट्या झाकल्या गेल्या. निघताना सुदेश वस्त्र काढायला वाकला, तर त्या म्हणाल्या, "पूजेचं असं लगेच उचलू नये रे. उद्या काढू." आणि त्या नेमक्या माझ्याच वरच्या सीटवर बसल्या.

टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला जायचं होतं. सुदेशने आवाज चढवला. मी तापू लागलो. मित्रांनो, मला ओरडता येत नाही, नुसतं गाता येतं! भीतीने मी अर्धमेला झालो होतो आणि गातच होतो. झेंडू करपला. वस्त्राच्या कडेने धूर निघाला. रखमाबाईंचे गुडघे आखडलेले, त्यांना झटकन उतरता येणार नव्हतं. देवा, माझ्यामुळे ह्या बाईला काही होऊ देऊ नकोस!

"अगं बाई! सुदेश, सीट पोळतेय रे!" गाण्यात त्याला ऐकूच येईना. शेवटी त्यांनी काठीने त्याच्या खांद्यावर रट्टा हाणला. गाडी थांबली. सुदेशने आईला उचलून बाहेर काढलं आणि बॅटरीची वायर उपटली. वस्त्र अर्धं जळालं होतं.

मी आतून जळालो. आता ज्युलियसकाकांच्या दुकानात फळीवर असतो. परवा रखमाबाई आल्या होत्या. माझ्या काळ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मीच तुझा श्वास कोंडला रे बाबा." मला फार रडू आलं.

मित्रांनो, आमच्यावर काही पांघरू नका, आणि झेपेल तेवढंच आमच्यावर लादा. फ्यूज उडाला तर त्याच्यावर चिडू नका. ओरडायला आम्हाला तेवढंच एक तोंड आहे.