धवले, कोलंबी आणि एक म्हैस

कामोठ्यात लग्न म्हटलं की भटजीच्या आधी धवलारीण लागायची. तिनं धवले गायले की देव मांडवात येतात, असा समज होता. देवांनी तो कधी खोटा पाडला नव्हता. गावची धवलारीण ठमाबाई. पण बावन्न सालच्या उन्हाळ्यात तिचा घसा बसला आणि आनंदा नावाच्या नवरदेवाच्या हळदीला तिच्या जागी तिची सून चंद्रावती बसली.

"अडलीस तं पुढची लग्नं उरणच्या बाईकडं जातील," सासू घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मंग आपून काय चुलीला गाऊन दाखवायचं?"

चंद्रावती निर्धास्त होती. रोज कोलंबी सोलता सोलता ती सासूबरोबर गायची. बोटं कोलंबीत, तोंड देवांत. कुणाचं कुणावाचून अडत नसे.

मांडवात मात्र ती हात मांडीवर ठेवून बसली. शेजारी नवरदेवाची मावशी हौसा कुणाला तरी हळूच सांगत होती, की म्हशीनं लाथ कशी मारली. चंद्रावतीचा कान तिकडं वळला आणि तोंडातून निघालं,

"चंदनाचा पाट मांडा, नवऱ्याला म्हशीनं लाथ मारली."

धवलारीण म्हणेल ते मागच्या बायकांनी तसंच म्हणायचं, ही रीत. त्यांनी म्हैस सुरात उचलली. पाटावरच्या आनंदानं हळदीच्या हातानं गुडघा चाचपून पाहिला.

पुढची ओळ येईना. चंद्रावतीला नवल वाटलं. घरी कोंबडा आरवतो, पोर रडतं, तरी धवला अडत नाही. मग इथंच काय कमी पडलं? तिनं खाली पाहिलं. तिची बोटं हातात नसलेल्या कोलंबीचं डोकं पिरगाळत होती.

"आत्या, कोलंबी आना," ती सासूला म्हणाली.

"इथं? देवासमोर?"

"देव काय उपाशी आलंत?"

जेवणासाठी आणलेल्या कोलंबीची टोपली मांडवात आली. पहिलं साल निघालं आणि ओळ आपसूक सुटली. तेवढ्यात हौसानं पुन्हा म्हशीच्या गोष्टीकडं तोंड वळवलं.

"मावशे, तुमी जरा गप ऱ्हावा," चंद्रावती सोलता सोलता म्हणाली. "हाताला काम चालंल, कानाला नको."

टोपली संपली तेव्हा हळद लागली होती आणि कालवणाचीही सोय झाली होती.

पुढच्या लगीनसराईत आवतण आलं ते थेट उरणहून. निरोप्या दारातच उभा राहिला.

"हळद आमची, कोलंबी आमची," तो म्हणाला. "फक्त म्हशीची ओळ गाळू नका. आनंदाचा संसार बरा चाललाय म्हनं."

ठमाबाईनं सुनेकडं पाहिलं.

"गायला बस," ती म्हणाली. "म्हस सुरात बसवू."