साध्या पाण्याची टाकी

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो. माझ्या पाण्यात काहीही घडू नये, एवढेच माझे काम होते. ऐकायला सोपे वाटते ना? करून बघा!

नदीकाठच्या प्रयोगशाळेत आम्ही पाच बहिणी एका फळीवर होतो. चौघींच्या पाण्यात कारखान्याचे रसायन चढत्या प्रमाणात मिसळत आणि मासे सोडत. माझ्यात मात्र मासे आणि नुसते साधे पाणी. माझे मासे ठणठणीत राहिले, तरच बहिणींकडचे मासे रसायनाने मेले असे म्हणता येई. माझे दगावले, तर सगळी चाचणी फुकट.

त्या वेळी कापडाचा रंग पक्का करणारे नवे रसायन आले होते. त्याचे सांडपाणी नदीत सोडायचे की नाही, हे आमच्यावरून ठरणार होते. चाचणी घेणाऱ्या ताईंचा भाऊ नदीच्या खालच्या अंगाला मासेमारी करायचा. ताई ते बोलत नसत, पण त्यांचा जीव टांगणीला लागलेला मला कळायचा.

चाचणीच्या आधी सफाईवाल्या मावशींनी मला मायेने साबण लावून लख्ख घासले. आम्हाला तर साबण वर्ज्य, काचेला त्याचा अंश राहिला तरी मासे मरतात! मला ओरडावेसे वाटले, पण काचेला तोंड कुठले?

व्हायचे तेच झाले. बहिणींकडचे मासे मेलेच, पण माझेही उलटे तरंगू लागले. ताई आल्या आणि जागीच थिजल्या. हातात जाळी, शेजारच्या हौदात जिवंत मासे, खोलीत दुसरे कोणी नाही. मेलेले काढून जिवंत सोडले असते, तर कोणाला कळले असते? फाटकाशी गाडी थांबली. ताईंनी जाळी खुंटीला अडकवली.

कारखान्याचे मॅनेजर आत आले आणि खूश झाले. "बघा, साध्या पाण्यातही मेले! मासेच रोगट आहेत. द्या तसं लिहून."

ताईंनी माझ्या काचेवरून आतून बोट फिरवले. स्वच्छ काच कुरकुरते. बोट सरकन घसरले. ताईंनी मावशींना हाक मारून आत बोलावले.

"मावशी, ही कशानं धुतली?"

"साबणानं हो. चुकलं का माझं?" मावशींचा चेहरा उतरला.

"चाचणी पुन्हा घ्यायची," ताई म्हणाल्या.

"भाऊ मासेमार आहे ना तुमचा? म्हणून एवढा हट्ट?"

"हो, आहे. म्हणूनच या वेळी तुम्ही समोर बसा."

मॅनेजर बसले. मीही श्वास रोखून बसले म्हणा ना! बहिणींकडचे मासे एकेक करून गेले, अगदी कमी रसायनातलेही. मला तिकडे बघवेना. माझे मात्र शेवटपर्यंत पोहत राहिले. सांडपाण्याला परवानगी मिळाली नाही.

आता माझा कोपरा उडाला आहे. मावशी माझ्यात फडकी ठेवतात, साबणाच्या वडीसकट! असू दे. पण मित्रांनो, पाण्यात काही सोडण्याआधी माझी आठवण ठेवा. माझ्यात चूक झाली, तेव्हा मला रिकामे करून, धुऊन पुन्हा भरता आले. नदी कुठे रिकामी करणार?