पाचकोनी वड्या

ज्या वर्षी आखातातल्या रास अल खैमात इतकं ऊन पडलं की आमच्या खिडकीवरची कबुतरं सावलीसाठी एकमेकांच्या पाठीवर उभी राहायची, त्या वर्षीची ही गोष्ट. सन दोन हजार एक. कबुतरं तीनच होती म्हणा, पण उभी होती.

माझा राजन तिथल्या टाइल्सच्या फॅक्टरीत, क्वालिटी चेकिंगला. सून सुनेत्रा, वय छत्तीस. लग्नाआधी बीएस्सीचं एक वर्ष केलेलं, पुढचं लग्नात, बाळंतपणात आणि व्हिसाच्या कागदांत राहून गेलं. नात ईश्वरी पाचवीत गेली तशी हिने तिथल्या एका छोट्या कॉलेजात नाव घातलं. विषय गणित. त्या कॉलेजची पद्धत अशी, की दोन वर्षं इथे शिकायचं आणि मग शारजाच्या युनिव्हर्सिटीत एकदम तिसऱ्या वर्षाला बसायचं. पण युनिव्हर्सिटीने ही दोन वर्षं मानली तर! नाही मानली तर पुन्हा श्रीगणेशा.

"आई, पहिल्यापासून चार वर्षं नाही होणार माझ्याच्याने," सुनेत्रा मला पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती. "मानली तर मानली. नाहीतर खलास."

युनिव्हर्सिटीचा इंटरव्ह्यू होता जूनमध्ये. स्वतः सोडवलेलं एक गणित घेऊन जायचं आणि पंधरा मिनिटं फळ्यावर समजावून सांगायचं. त्यावर ठरणार.

आता गणित कुठलं घ्यावं, हे त्या बिचारीला सुचेना. आणि त्यात मी पडले.

झालं असं, की एका शुक्रवारी राजन फॅक्टरीतून नापास झालेल्या टाइल्स घेऊन आला. चौकोनी, सहाकोनी. जेवताना कौतुक चाललं होतं. मी म्हटलं, "हे काहीच नाही. आमच्या आत्याच्या न्हाणीघरात पाचकोनी फरशी होती. मधे सुईसुद्धा जायची नाही. बसवणारा गवंडी आंधळा होता."

"आई, यल्ला, चल, जेव तू," राजन म्हणाला.

"आज्जी, यू आर मेकिंग इट अप," ईश्वरी म्हणाली.

सुनेत्रा मात्र हात धुऊन थेट कॉर्नफ्लेक्सचा खोका घेऊन बसली. पाची बाजू सारख्या असे तुकडे कापले आणि माझ्यासमोर मांडले. "बघा आई. एक कोन एकशे आठ अंशांचा. तीन तुकडे एका ठिकाणी टेकवले की तीनशे चोवीस. पूर्ण फेरी तीनशे साठची. म्हणजे छत्तीस अंशांची फट उरली. चौथा तुकडा मावत नाही. तुमच्या आत्या आंघोळीला बसल्या तर पाणी खालच्या मजल्यावर!"

"खालचा मजला नव्हता. विहीर होती."

"न्हाणीघराखाली विहीर?"

"म्हणून तर फट चालत नव्हती!"

हसली खरी, पण डोळे त्या तुकड्यांवरून हलेनात. तिला तिचं गणित मिळालं होतं. कॉलेजच्या कमरुद्दीन सरांनी आकडेमोड तपासून 'बहोत खूब' असा शेरा दिला. वर मथळा हिने स्वतः घातला: पाचकोनी फरशी बसूच शकत नाही.

'बसूच शकत नाही' हे मला झोंबलं. माझ्या आत्याला छापील कागदावर खोटं पाडायचं म्हणजे काय! आता त्या आत्याला न्हाणीघरच नव्हतं, ती नदीवर जायची, हा भाग वेगळा.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी दुपारी घर शांत. सुनेत्रा आतल्या खोलीत दार लावून पाठ करत होती. मी तेच पुठ्ठे घेऊन बसले. शेजारी ईश्वरीची चित्रकलेची वही. तिने घर काढलेलं, पोरं काढतात तसं. खाली चौकोन, वर छप्पर. मी सहज कोपरे मोजले. खाली दोन, भिंतींच्या टोकाला दोन, छपराचं टोक एक.

पाच.

दहा घरं कापली. एकाला एक चिकटून ओळीत उभी केली. वरती छपरांच्या मधे खाचा राहिल्या. त्या खाचांत दुसरी घरं उलटी, डोक्यावर उभी करून सरकवली. गप्प बसली! सुई जाईना. मी खरंच सुई आणून पाहिली.

देवाशप्पथ, घाबरले मी. इतक्या वर्षांत माझी एक थाप खरी निघाली नव्हती, आणि निघाली ती नेमकी सुनेच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी.

दार ठोठावलं. "सुनेत्रा, अगं, पाचकोनी फरशी बसते."

आतून आवाज आला, "आई, आज नको ना गोष्ट. उद्या आल्यावर ऐकते."

"गोष्ट नाही गं, खरं सांगतेय!"

"गवंडी आंधळाच ना?" म्हणाली, आणि परत पाठांतर सुरू.

राजनला फॅक्टरीत फोन केला. तो म्हणाला, "आई, तू तिला आज डिस्टर्ब करू नकोस, प्लीज," आणि ठेवला. आता बोला! तोंडाने सांगून कोणी ऐकणार नाही, ही माझीच कमाई.

उद्यासाठी मी नारळाच्या वड्या थापल्या होत्या. अजून पाडायच्या होत्या. सुरी घेतली आणि त्या थाळीभर घरंच घरं पाडली. एक ओळ सुलटी, एक ओळ उलटी. कडेला तेवढे तुकडे वेडेवाकडे राहिले, ते मी खाल्ले. थाळी घेऊन दाराशी गेले. "अगं, गोष्ट नाही, वडी आणलीय." दार लगेच उघडलं.

तिने हात घातला आणि हात तसाच राहिला.

एक वडी उचलली, उलटी करून पाहिली, कोपरे मोजले. परत जागेवर ठेवली. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, काय केलं मी हे!

"आई," ती हळूच म्हणाली, "माझं गणित चुकलंय."

"गणित नाही चुकलं. वरची ओळ चुकलीय."

"तीच तर वाचतात पहिली!" थाळी पलंगावर ठेवून ती रडायलाच लागली. "दोन महिने केलं मी हे. तुम्ही आज का दाखवलंत? उद्यानंतर दाखवायचं होतं ना!"

मग तीच उठली आणि तिने कमरुद्दीन सरांना फोन लावला. सरांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "अरे बेटा, मैंने भी नहीं पूछा कौन-सा पाचकोना! अच्छा हुआ, आज पता चला. सच है वही बोलो, इन्शाल्ला सब ठीक होगा।"

दुसऱ्या दिवशी राजनने सुट्टी काढली. शारजाला गेलो. सुनेत्राच्या मांडीवर कागद, माझ्या मांडीवर डबा. अख्ख्या रस्त्यात ती एकदाच बोलली, "वड्या हलू देऊ नका."

आत ती एकटी गेली. आम्ही बाहेर बाकावर. पंधरा मिनिटांची वीस झाली, वीसची चाळीस. राजनने एसीखाली बसून शर्ट भिजवला. मी काचेतून डोकावले. फळ्यावर मथळा होता, त्यातला 'पाचकोनी' खोडून तिने लिहिलं होतं, पाची बाजू आणि पाची कोन सारखे असलेला. खाली ते एकशे आठ. त्याच्याही खाली, मोठं, माझं घर. टेबलावर डबा उघडा, आणि एक गोऱ्या मॅडम चष्मा कपाळावर चढवून वडी उलटी-सुलटी लावून बघत होत्या. दुसरे सर खात होते.

सुनेत्रा बाहेर आली. डबा रिकामा.

"काय झालं?" राजन उभा राहिला.

"त्यांनी विचारलं, ही चूक कोणी पकडली. मी म्हटलं, सासूबाईंनी, काल दुपारी. त्यांना वाटलं, मी थाप मारतेय."

"ते राहू दे गं! मानली का दोन वर्षं?" मला धीर निघेना.

ती बाकावर माझ्या शेजारी बसली. चप्पल काढून पाय मोकळे केले. "मॅडमनी गृहपाठ दिलाय, आई. सात कोनांची फरशी बसते का, बघायची. पुठ्ठ्याने नाही, नीट सिद्ध करून."

"आणि?"

"तिसऱ्या वर्षाच्या वर्गात आणून द्यायचाय. सप्टेंबरात."