एकवीस चिंचोके

तालमीत एक बार होता, अकरा प्लेटा होत्या, एक बाक, भिंतीला टेकवलेला एक आरसा आणि कोनाड्यात एक मारुती. बार म्हणजे वीस किलोचा भरीव पोलादी शाफ्ट. प्लेटा वीस किलोच्या चार, दहाच्या चार आणि पाचच्या तीन. पाचची चौथी गेल्या उन्हाळ्यात फरशीवर पडून दुभंगली होती. मारुतीपुढं दोन पितळी वाट्या होत्या. डावीत पाच चिंचोके, उजवीत सोळा.

"कृष्णाअण्णा, पाच उरलेत," नागेश बाकावरून ओरडला. "आमी घरी जाऊन जेवून येऊ काय?"

 बार कृष्णाच्या खांद्यावर होता, त्यात दहाच्या दोन प्लेटा, आणि सतराव्या सेटची सहावी बैठक चालली होती. तोंड श्वासासाठी लागत होतं, बोलायला मोकळं नव्हतं. दहा झाल्या तेव्हा त्यानं बार घडवंचीवर टेकवला, कोनाड्यापाशी गेला आणि डाव्या वाटीतला एक चिंचोका उचलून उजव्या वाटीत टाकला. वाटी टण्ण वाजली.

"गणपती बसायच्या आधी चालू करतोस, विसर्जन झालं तरी संपत न्हाई," नागेश म्हणाला. नागेश स्कूटरच्या गॅरेजात होता. अर्धा तास दंड फुगवायचा, आरशात बघायचं आणि निघायचं, हा त्याचा नेम. "आणि पाय बघ! हायत तसेच."

"साकु, नाग्या, पुरे!" वस्ताद अप्पाजींनी दारातल्या खुर्चीवरून दटावलं. "तू एक शनवार करून दाखव, मग बोल."

नागेशचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. कृष्णा गोकुळ रोडवरच्या एका फाउंड्रीत वाळूचे साचे करणारा मोल्डर होता. अकरातल्या सात प्लेटा त्यानंच ओतल्या होत्या, मालकाला विचारून, भट्टीत उरलेल्या रसातून. खांदे, छाती, पाठ कुणीही बघत राहावं अशी होती. कमरेखाली मात्र गाडं अडलेलं. गेल्या वर्षी धारवाडच्या जिल्हा शरीरसौष्ठव स्पर्धेत तो तेल लावून उभा राहिला, पाय दाखवायला वळला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "वर वाघ, खाली कोंबडी! अण्णा, पँट घालून ये!" सगळं सभागृह हसलं होतं. परीक्षकसुद्धा खाली मान घालून हसले होते.

या डिसेंबरात पहिल्यांदाच चाळिशीवरच्यांचा वेगळा गट होणार होता. कृष्णा एक्केचाळीस वर्षांचा होता. बक्षिसाचं त्याच्या मनात फारसं नव्हतं. आपण पाय दाखवायला वळल्यावर कुणी हसू नये, एवढंच त्याला हवं होतं.

घरी शेवंता ब्लाउज शिवत बसली होती. तिचा टेप घेऊन पद्मानं वडिलांच्या मांडीला गुंडाळला. पद्मा विद्यानगरच्या कॉलेजात बारावी सायन्सला होती आणि हाताला लागेल ते मोजायची तिला सवय होती.

"साडेवीस," ती म्हणाली. "गेल्या वर्षीबी साडेवीसच होतं, अप्पा."

"सेट वाढवायला पाहिजेत."

"आणि वाढवणार? आता खांद्यावर किती घेतोस?"

"चाळीस. बारसकट."

"आणि मी लहान होते तवा?"

"चाळीसच की. एकवीस सेट पुरे करायचे तर त्याच्यावर जाताच येत न्हाई. पंधराव्याला पाय लटपटतात."

"मग पाय वाढतील कशाला? त्यांचं चाळीसात भागतंय." पद्मानं टेप सोडला. "परवा डबा द्यायला आले तवा बघितलं मी. सकाळी आठपासनं उकिडवा बसून वाळू ठोकत होतास. उठ, बस, पेटी उचल, परत बस. त्यावर शनिवारी हे. पायांना विसावा कवा मिळतो? सहा सेट कर. पण वजन दर आठवड्याला वाढवत ने."

"ते जमायचं न्हाई."

"का पण?"

"न्हाई म्हटलं की न्हाई," म्हणून कृष्णा टॉवेल घेऊन मोरीकडे गेला.

पद्मानं आईकडे बघितलं. शेवंतानं दातांनी दोरा तोडला.

"तू चार वर्षांची होतीस," ती म्हणाली. "न्यूमोनिया झालेला. नर्सबाई तुझं मनगट धरायची, घड्याळाकडं बघायची आणि म्हणायची, एकशे साठ. ह्यांनी तिच्याकडनं मोजायचं शिकून घेतलं. तीन दिवस मनगट सोडलं न्हाई. चौथ्या दिवशी उठून तालमीत गेले आणि मारुतीला बोलून आले. पोरगी उठली, तर दर शनवारी तुझ्यापुढं एकवीस सेट बैठका. वजन घेऊन."

"किती वर्षं?"

"ते काय बोलले न्हाईत. बोलले आणि धरून बसले. तुझे आजोबा गेले त्या आठवड्यात सुतक होतं, मारुतीपुढं जाता येईना. तर आमच्या अळणावरच्या घरामागं जात्याची तळी खांद्यावर घेऊन एकवीस केले. लोक म्हणाले, दुःखानं डोकं फिरलं."

 त्या दिवशी पद्मानं अभ्यासाचं पुस्तक उघडलं ते नुसतंच.

पुढच्या शनिवारी कृष्णानं पहिला सेट घ्यायला बार खांद्यावर घेतला आणि आरशात त्याला दारातली पद्मा दिसली. पंजाबी ड्रेसची ओढणी तिनं कमरेला घट्ट बांधली होती.

"ए पोरी!" अप्पाजी खुर्चीतून अर्धे उठले. "आत यायचं न्हाई हां. तालीम हाय ही."

"येत न्हाई, अज्जा. उंबऱ्याच्या बाहेरनंच करते."

"काय करतीस?"

"बैठका. अप्पाचा नवस माझ्या जिवाचा हाय. मग फेडायचा मी."

नागेश हसला, पण अप्पाजी हसले नाहीत असं बघून थांबला. कृष्णानं बार खाली ठेवला. त्याचा चेहरा पडला होता.

"पद्मे, घरी जा. हे असलं देवाशी खेळू नये."

"मी खेळत न्हाई."

अप्पाजी सत्तरीचे होते. तरुणपणी मातीतले पैलवान; माती गेली, फरशी आली, तरी तालमीचा कायदा त्यांचाच. त्यांनी खाली बसून बराच वेळ हनुवटी खाजवली.

"माझ्या आईनं माझ्यासाठी उळवीच्या जत्रेला बैलगाडीनं जायचा नवस बोललेला," ते शेवटी म्हणाले. "मी बारका असतानाच आई गेली. पुढं मी मोठा झालो, तवा गाडी मीच हाकली. कुणी म्हणालं न्हाई की चुकलं." मग पद्माकडे वळून, "बैठक येतीय काय तुला?"

"शिकवा."

"टाचा टेक. पाठ सरळ. खाली जाताना समोर बघायचं, पायाकडं न्हाई. हां, बा, चालू कर."

"वस्ताद, नवस एकवीस सेटचा हाय, एकवीस बैठकांचा न्हवं," नागेश म्हणाला.

"माहीत हाय मला," पद्मा म्हणाली.

अप्पाजींनी स्वतः उठून दोन्ही वाट्या उंबऱ्यावर आणून ठेवल्या.

पहिले पाच सेट तिनं भराभर घातले. सातव्याला बोलणं बंद झालं. दहाव्यानंतर ती भिंतीला धरून उभी राहिली आणि तिच्या गुडघ्यांचा थरकाप तालमीच्या आतूनही दिसत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायका थांबल्या, पदर तोंडाला लावून बघू लागल्या. कृष्णा उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसला होता. "राहू दे," तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही, त्याऐवजी मोजू लागला. चौदाव्या सेटला नागेशनं बाकावरून उठून तिला पाण्याचा तांब्या दिला आणि परत बाकावर गेला नाही. तिथंच उभा राहिला.

शेवटचा चिंचोका उजव्या वाटीत पडला तेव्हा पद्मा पायरीवर बसली ती बसलीच.

"अप्पा," ती म्हणाली. आवाज निघत नव्हता. "मी नुसत्या केल्या. तू चाळीस किलो घेऊन करतोस?"

"हं."

"कामावरनं येऊन?"

"शनवारी भट्टी असती. जरा उशीर होतोय, एवढंच."

"बारा वर्षं?"

कृष्णानं पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला. पद्मा त्याच्याकडे बघत राहिली. घरात रोज दिसणारा हा माणूस तिनं असा निरखून कधी बघितला नव्हता. परवा ती त्याला किती सहज म्हणाली होती, सहा सेट कर म्हणून.

अप्पाजींनी नारळ फोडला. पाणी मारुतीवर घातलं, एक भक्कल पद्माच्या हातात दिली. "जिच्या जिवाचा नवस, तिनं आपल्या अंगानं फेडला. आता फिटला," ते म्हणाले. पुढचे चार दिवस पद्मा कॉलेजचा जिना कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत उतरत होती. मैत्रिणींनी विचारलं तर म्हणायची, नवस होता.

नंतरच्या शनिवारी कृष्णानं बारात वीसच्या दोन प्लेटा घातल्या. साठ किलो. सहा सेट झाले आणि तो तालमीच्या मध्यभागी उभा राहिला. आता काय करायचं ते त्याला कळेना. अंगात जोर शिल्लक होता, बाहेर उजेडही शिल्लक होता. त्यानं आरसा पुसला. प्लेटा भिंतीला लावून ठेवल्या. शेवटी निघून घरी आला. शेवंतानं मशीन थांबवलं.

"काय झालं? बरं न्हाई काय?"

"संपलं," तो म्हणाला. मग पुस्तक घेऊन बसलेल्या पद्माजवळ टेकला. "हात दे बघू."

"कशाला?"

"दे म्हणतोय न्हवं."

त्यानं तिचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर ओठ हलवले. वाळूनं खरखरीत झालेला अंगठा, पण ठोका त्याला लगेच सापडला. मनगट सोडून तो हातपाय धुवायला गेला.  तेव्हापासून दर शनिवारी तालमीतून आल्यावर हे ठरून गेलं. ती पुस्तक उजव्या हातात घ्यायची आणि डावा हात आधीच पुढं करून ठेवायची.

वजन चढत गेलं. सत्तर. ऐंशी. दसऱ्याच्या सुमारास नव्वद. नागेशला वाटलं होतं, अण्णा ऐंशीला बसेल तो उठायचा नाही. पण बारा वर्षांच्या शनिवारांनी गुडघे, कंबर, पाठ अशी बांधून ठेवली होती, की नव्वद किलो घेऊन कृष्णा खाली जायचा आणि बार जराही डगमगायचा नाही. "आमच्यातला कुणी हे करायला गेला तर पाठ मोडून घेईल," नागेश आता नव्या पोरांना सांगायचा. "त्यानं पाया भरलाय. आधी तेवढा भर, मग बोल."

मांड्यांचं मापही हललं. पाऊण इंच, मग सव्वा. शेवंता टेप आपल्या हातानं धरू लागली.

मध्ये एकदाच मोडता आला. नोव्हेंबरात पद्माला ताप आला, साधाच, खोकला आणि सर्दी. शनिवारी कृष्णा उशिरा घरी आला आणि जेवायला बसताना भिंतीला धरून बसला. शेवंतानं बघितलं, पद्मानंही बघितलं.

"अप्पा, एकवीस?"

त्यानं भाकरी मोडली. "चाळीसच घेतलेले."

"डॉक्टरांनी गोळी दिलीय की मला."

"गोळीबी असू दे आणि हेबी असू दे," कृष्णा म्हणाला.

 त्याच्या ताटात पद्मानं आणखी एक भाकरी घातली आणि आमटीची वाटी जवळ सरकवली.

डिसेंबरात धारवाडच्या सभागृहात चाळिशीवरच्या गटात नऊ जण होते. बँकेतला एक, कलघटगीचा एक पोलीस, दोघं शाळेत ड्रिल शिकवणारे. कृष्णाचा क्रमांक सातवा पुकारला गेला. छाती दाखवली, पाठ दाखवली. मग माइकवरून 'पाय' असा पुकारा झाला. पद्मानं आईचा हात घट्ट धरला. मागच्या रांगेत गेल्या वर्षीचीच पोरं बसली होती.

कृष्णा वळला. टाच उचलून त्यानं मांडी आवळली.

कुणी हसलं नाही. मागून फक्त एक आवाज आला, "यप्पा! अण्णा, हे कुठनं आणलंस?" आणि टाळ्या पडल्या. नागेशनं शिट्टी वाजवली, अप्पाजींनी त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि मग स्वतःही टाळ्या वाजवल्या.

कृष्णा चौथा आला. मेडलं तिघांना होती. पहिला आलेला पोलीस खाली उतरल्यावर त्याच्याजवळ आला आणि विचारू लागला, पायाला किती सेट मारता म्हणून. कृष्णा जरा घुटमळला.

"आता सहा," तो म्हणाला. "आधी लई होते."

घरी पोचेपर्यंत सात वाजले होते. अंगावरचं तेल तसंच होतं. शेवंतानं पाणी तापायला ठेवलं आणि सर्टिफिकेट फडताळावर, शिलाईच्या डब्याला टेकवून उभं केलं. कृष्णा पद्माशेजारी बसला. तिनं डावा हात पुढं केला.

त्यानं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि पूर्ण मिनिट मोजलं.

चौऱ्याहत्तर.