टाकीतली बाई

भाऊजींनी कविता लिहिली, आणि तीही भुताची! जन्मभर पाण्याचे मीटर दुरुस्त केलेल्या माणसाला पासष्टाव्या वर्षी हे कुठून सुचलं, देव जाणे. ताई गेल्यापासून आठ महिने ते घराबाहेर फारसे पडले नव्हते. आता रविवारी वाचनालयात कविता वाचायला त्यांनी नाव दिलं होतं. वर मला बजावलं होतं, "तू प्रुफं तपासणारी. तुला पटली तरच जाईन." म्हणजे सगळं माझ्या गळ्यात! वाईट म्हटलं असतं तर स्वारी परत खुर्चीत रुतून बसली असती, आणि खोटं कौतुक मला जन्मात जमलेलं नाही.

गुरुवारी दुपारी मी एसटीने येऊन त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. त्यांनी चहा केला, कागद माझ्यापुढे सरकवला आणि गळत नसलेला नळ उगाच घट्ट करत उभे राहिले. छापखान्यातल्या बत्तीस वर्षांच्या सवयीने मी लाल पेन्सिल काढली.

कवितेत एक बाई पाण्याच्या टाकीतून वर येते. तिच्यामागे रक्ताचे पाट, हाडांचा खच, सात घुबडं आणि चौदा उद्गारचिन्हं.

"भाऊजी, एवढ्या रक्तात माणूस घाबरत नाही, पाय घसरून पडतो."

ते हसले. हुश्श झालं मला.

"मग काय काढू?"

"घुबडं काढा. सातच्या सात! रक्तही आवरा. भीती वाटते ती इथे, बाई ओल्या केसांनी दारात उभी राहते आणि काहीच करत नाही तिथे. हे झकास जमलंय. काटा आला अंगावर."

"खरंच?"

"मी कधी तोंडदेखलं बोललेय का?"

"नाही बुवा. माझ्या लग्नात माझ्याच कोटाला हसली होतीस."

बोलता बोलता माझा हात चालूच होता. कवितेच्या शेवटी एकच ओळ तीनदा आली होती: आज वार कुठला? छापखान्यात चुकून एक ओळ पुन्हा जुळवली गेली की ती उडवायची, त्यात विचार करायचा नसतो. मी खालच्या दोन ओळींवर सरळ रेघ मारली.

भाऊजींचा चेहरा पडला. त्यांनी कागद उचलला, त्याची घडी घातली.

"राहू दे. रविवारी नाही जात मी."

"अहो, झालं तरी काय?"

"तुझी ताई तेवढंच विचारायची गं. शेवटच्या वर्षी, दिवसातून शंभरदा. मी सांगायचो, ती विसरायची. एकदा ओरडलो तिच्यावर, 'आता विचारलंस तर बघ!' मग तिने पुन्हा कधी विचारलंच नाही. गेली तोपर्यंत नाही."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी दुसऱ्या गावी राहणारी. फोनवर भाऊजी "बरी आहे" म्हणायचे आणि मीही खुशाल फोन ठेवायचे. माझी सख्खी बहीण होती ती! लाज वाटली मला, स्वतःचा संतापही आला.

मी त्यांच्या हातून कागद घेतला, घडी उलगडली आणि खोडलेल्या दोन्ही ओळींखाली ठिपके दिले.

"आमच्यात ठिपके म्हणजे चूक माझी, मजकूर होता तसा ठेवा. पण भाऊजी, एक उणीव आहे. ती एवढं विचारते आणि घरातला माणूस उत्तरच देत नाही."

"धीर होत नाही त्याचा."

"मग ऐका. आम्ही प्रूफ तपासताना एक जण मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट, आणि दुसरा लक्ष ठेवतो. मी वाचते."

घुबडं गाळून मी शेवटापर्यंत आले.

"आज वार कुठला, प्रश्नचिन्ह."

ते वळून पुन्हा नळ घट्ट करू लागले.

"आज वार कुठला, प्रश्नचिन्ह."

नळावरचा त्यांचा हात सुटला.

तिसऱ्यांदा मी प्रश्नचिन्ह म्हटलंच नाही. नुसतं विचारलं, "आज वार कुठला?"

"गुरुवार," भाऊजी म्हणाले. "गुरुवार आहे गं. विचार, हवं तितक्यांदा विचार."

मी ते कवितेच्या शेवटी लिहून घेतलं आणि रविवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.